टोपोआयसोमरेज बंद पाडलं की पेशी मरते म्हणतात, मग ते एन्झाइम जास्त असलेल्या पेशीच आधी का मरतात?

निळीशाई

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि विषय आहे टोपोआयसोमरेजवर, म्हणजे डीएनएचा पीळ आणि गुंता सोडवणाऱ्या एन्झाइमवर, काम करणारी कॅन्सरची औषधं. विषय मी मुद्दाम मागून घेतला, कारण माझ्या मावशीला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी इरिनोटेकॅन चालू आहे आणि त्या सलाईनमधून तिच्या अंगात जे जातंय ते आत जाऊन नेमकं करतं काय हे मला खरंच समजून घ्यायचंय.

अडलंय कुठे ते सांगते. नोट्समध्ये सगळीकडे एकच वाक्य, औषध टोपोआयसोमरेजला रोखतं, मग डीएनएचा गुंता सुटत नाही, मग पेशी मरते. पाठ करायला सोपं आहे. पण काल यीस्टवरच्या प्रयोगांबद्दल वाचलं, त्यात टोपोआयसोमरेज 1 चं जीनच काढून टाकलं तरी यीस्ट जगतं आणि वर त्याला कॅम्प्टोथेसिन (टोपोआयसोमरेज 1 ला रोखणारं औषध, इरिनोटेकॅन याच घराण्यातलं) दिलं तर त्याला काहीही होत नाही! म्हणजे एन्झाइम अजिबात नसलं तरी चालतं, पण एन्झाइम आहे आणि औषधाने ते रोखलं तर मात्र मरण. हे कसं काय?

मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या कॅन्सरच्या औषधाशी ताडून बघितलं तर अजूनच गोंधळ झाला. तिथे पेशी डीएचएफआर (ते औषध ज्याला रोखतं ते एन्झाइम) भरपूर बनवायला लागल्या की औषध पुरत नाही आणि पेशी वाचते, हे पटतं. इथे सगळं उलटं, एन्झाइम जास्त तर पेशी लवकर मरते, कमी तर ती औषधाला दाद देत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले हे इन्हिबिटर नाहीत, पॉयझन आहेत, आणि तेवढ्यात तास संपला. कुणी नीट समजावून सांगेल का? लांब लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचेन.

प्रथिनवेडा

सर बरोबर बोलले, फक्त अर्धंच सांगून गेले. मी डीएनए रिपेअरवर काम करतो, त्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, जरा लांबण लागेल.

आधी गुंता येतो कुठून ते बघ. माणसाच्या एका पेशीत साधारण 2 मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात कोंबलेला असतो, पण खरी अडचण कोंबण्याची नाही, पिळाची आहे. डीएनएचे दोन पेड बेसच्या जोड्यांनी जोडलेले असतात, दर साडेदहा जोड्यांमागे एक वेढा, म्हणजे सगळ्या डीएनएमध्ये मिळून जवळजवळ 60 कोटी वेढे होतात. घरात दोन पेडांची सुतळी असेल तर घे, दोन्ही टोकं कुठेतरी पक्की बांध आणि मधूनच दोन पेड बोटांनी अलग करत पुढे सरकत जा. दोन-तीन इंच गेलीस की पुढची सुतळी इतकी घट्ट पिळली जाते की ती स्वतःभोवतीच गाठी घालायला लागते आणि बोट पुढे सरकत नाही. पेशीत डीएनएची कॉपी काढणारी मशिनरी मिनिटाला हजार-दोन हजार जोड्या उलगडत पळत असते, तिच्यापुढे हेच होतं, आणि डीएनएची टोकं इतकी लांब आणि जागोजागी प्रथिनांना बांधलेली असतात की ती गरगर फिरवून पीळ काढायची सोयच नाही. मग उपाय एकच उरतो, कापायचं, पीळ सोडायचा, परत जोडायचं.

हे काम करणारं पहिलं एन्झाइम जेम्स वांग यांनी 1971 मध्ये ई. कोलायमध्ये दाखवलं. आपल्याकडे म्हणजे माणसात दोन मुख्य प्रकार. टोपो 1 फक्त एक पेड कापतं, कापलेलं टोक दुसऱ्या पेडाभोवती फिरू देतं आणि पीळ उतरला की जोडतं. टोपो 2 जास्त धाडसी, ते दोन्ही पेड कापून फाटक उघडतं, शेजारचा अख्खा डीएनए त्यातून पलीकडे काढतं आणि फाटक लावून टाकतं. यासाठी त्याला एटीपी (पेशीचं इंधन) लागतं, टोपो 1 ला लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कापल्यावर डीएनएचं टोक मोकळं सोडत नाहीत ही एन्झाइम्स. एन्झाइममधलं एक टायरोसिन स्वतःच त्या टोकाला पक्क्या बंधाने जोडलं जातं, म्हणजे कापणारा हातच तुटलेलं टोक धरून उभा असतो. तुटलेल्या बंधाची ऊर्जा त्या नव्या बंधात राखलेली असते, म्हणून परत जोडताना वेगळं इंधन लागत नाही. एरवी ही अवस्था क्षणभरच टिकते आणि कुठल्याही वेळी फार थोडी एन्झाइम्स अशी मध्यात असतात, म्हणून डीएनएला धोका नसतो.

कॅम्प्टोथेसिन नेमकं इथे शिरतं. ते सुट्ट्या एन्झाइमला जाऊन चिकटत नाही, ते नुसत्या डीएनएलाही नीट चिकटत नाही. एन्झाइमने पेड कापला की त्या फटीत ते पाचरीसारखं बसतं, एक बाजू डीएनएच्या जोड्यांना टेकलेली आणि दुसरी एन्झाइमला. फट बुजत नाही, एन्झाइम टोक धरून तसंच अडकतं. 2002 मध्ये टोपोटेकॅनसकट (कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेलं औषध) हा सगळा संच स्फटिकात दिसला, ते चित्र सेमिनारला नक्की दाखव.

म्हणजे औषध एन्झाइमचं काम बंद करून मारत नाही, ते एन्झाइमलाच डीएनएवरची जखम बनवतं. जितकी एन्झाइम्स जास्त तितक्या जखमा जास्त. यीस्टमध्ये एन्झाइमच नाही तर अडकणार कोण? पीळ काढायचं काम टोपो 2 सांभाळून घेतं आणि औषध नुसतं भटकत राहतं. तुझं मेथोट्रेक्सेटचं उदाहरण उत्तम आहे, स्लाइडवर दोन्ही शेजारी शेजारी ठेव.

निळीशाई

बापरे, कापणारा हातच टोक धरून उभा, हे डोक्यात पक्कं बसलं. पण एक शंका आहे दादा, टोपो 1 तर एकच पेड कापतं ना. एक पेड तुटला तर पेशीत रिपेअर असतं, रोज हजारो एकपेडी तुटी दुरुस्त होतात असं शिकलोय. मग एवढ्याने पेशी मरते कशी?

प्रथिनवेडा

छान प्रश्न. एवढ्याने मरतच नाही. औषध काढून घेतलं तर काही मिनिटांत एन्झाइम सुटतं, पेड जोडतं आणि पेशीला काही झालंच नाही असं होतं. मरण येतं ते टक्कर झाल्यावर. कॉपी काढणारी मशिनरी पळत येते आणि या अडकलेल्या एन्झाइमवर आदळते, आदळल्यावर एकपेडी तुटीची दोनपेडी तूट होते, आणि ती सहजासहजी परत जुळत नाही. याचा पुरावा फार सुंदर आहे, पेशींना आधी ॲफिडिकोलिन देऊन डीएनएची कॉपी थांबवली आणि मग कॅम्प्टोथेसिन दिलं तर बऱ्याच पेशी वाचतात. अडकलेली एन्झाइम्स तेवढीच, पण टक्कर नाही म्हणून मरण नाही.

यातून दोन गोष्टी आपोआप समजतात. एक म्हणजे ही औषधं मुख्यतः त्या वेळी डीएनएची कॉपी काढत असलेल्या पेशींना मारतात, म्हणून टोपोटेकॅन बऱ्याचदा सलग पाच दिवस देतात, एकाच दिवशी सगळा डोस दिला तर त्या तासांत ज्या पेशी कॉपीच्या टप्प्यात नाहीत त्या निसटतात. दुसरी म्हणजे अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं हे सतत विभागणारे भाग, त्यांनाही तोच मार बसतो. औषधाला कॅन्सर ओळखता येत नाही, त्याला फक्त धावपळ दिसते.

टोपो 2 चं गणित वेगळं. तिथे एटोपोसाइड वगैरे औषधं दोन्ही पेड कापलेल्या अवस्थेतच अडकवतात, त्यामुळे टक्करीआधीच दोनपेडी तूट तयार असते, फक्त ती एन्झाइमच्या मुठीत लपलेली असते. मूठ सुटली किंवा पेशीने अडकलेलं एन्झाइम तोडून टाकलं की ती उघडी पडते. ही चिकटलेली प्रथिनं सोडवायला पेशीकडेही हत्यारं आहेत, टीडीपी1 आणि टीडीपी2, पहिलं मुख्यतः टोपो 1 साठी आणि दुसरं टोपो 2 साठी. निसर्गाला हा अपघात आधीपासून माहीत आहे म्हणायचा.

सिस्टर_डेकेअर

मी केमोच्या डे-केअरला सिस्टर आहे, बरीच वर्षं. रेणूंचं मला एवढं खोलात कळत नाही पण निळीशाई, तुझ्या मावशीचं वाचलं म्हणून लिहिते. इरिनोटेकॅनमध्ये दोन वेगवेगळे जुलाब असतात आणि लोक दोन्ही एकच समजतात, मग घरी गडबड होते.

पहिला सलाईन चालू असतानाच किंवा त्याच दिवशी. घाम फुटतो, डोळ्यांतून नाकातून पाणी, तोंडात लाळ, पोटात कळ येऊन जुलाब. हा डीएनएचा नाही, औषधाने नसांवर केलेला परिणाम आहे, ॲट्रोपिन दिलं की पटकन थांबतो. सांगायला लाजू नका, खुर्चीत बसल्या बसल्या लगेच सिस्टरला हाक मारा.

दुसरा काही दिवसांनी घरी गेल्यावर. हा खरा त्रासाचा. पहिल्या पातळ जुलाबालाच डॉक्टरांनी लिहून दिलेली लोपेरामाइड त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने सुरू करायची, भरपूर पाणी आणि ओआरएस, आणि सोबत ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असतील तरी फोन करायचा, कारण त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात आणि दोन्ही एकत्र आलं तर जिवावर बेतू शकतं. सकाळी बघू म्हणून थांबलेले पेशंट मी पाहिलेत, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय.

रसायनवाला

सिस्टरनी सांगितलेल्या त्या दुसऱ्या जुलाबामागची केमिस्ट्री इतकी रंजक आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कॅम्प्टोथेसिन 1966 मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी झाडातून वेगळं केलं. (आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही तेच द्रव्य मिळतं, पण ते झाड म्हणजे औषध नव्हे, काढा वगैरे करून कुणी पिऊ नका, थेट विष आहे.) ते पाण्यात विरघळेना, म्हणून त्याची एक रिंग उघडून सोडियम मीठ बनवलं आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांत चाचण्या झाल्या. उघडलेल्या रिंगचं औषध जवळजवळ निकामी, पण आम्ल लघवीत ती रिंग परत मिटायची आणि खरं औषध लघवीच्या पिशवीतच तयार व्हायचं. रक्ताची लघवी व्हायला लागली, पांढऱ्या पेशी कोसळल्या, चाचण्या थांबल्या. हे द्रव्य अडगळीत पडलं होतं. 1985 मध्ये ते टोपो 1 ला अडकवतं असं कळलं आणि सगळ्यांचं लक्ष परत तिकडे वळलं. मग विरघळणारी नवी रूपं आली, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन, दोन्हींना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली.

आता इरिनोटेकॅन स्वतः फारसं काही करत नाही. शरीरात, मुख्यतः लिव्हरमध्ये, त्याचं एसएन-38 होतं, आणि ते मूळ औषधाच्या शंभर ते हजारपट जोरकस. लिव्हर मग यूजीटी1ए1 या एन्झाइमने त्याला साखरेसारखा एक तुकडा जोडून निष्प्रभ करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. इथवर ठीक. पण आतड्यातले जिवाणू तो तुकडा खाण्यासाठी तोडून घेतात आणि एसएन-38 परत मोकळं होतं, तेही जिथे अस्तराच्या पेशी सतत विभागत असतात नेमकं तिथे! म्हणून तो जुलाब काही दिवसांनी येतो.

काही लोकांत यूजीटी1ए1 जन्मतःच मंद असतं, गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, एरवी त्यांना फक्त बिलिरुबिन थोडं जास्त येतं आणि बाकी काही त्रास नसतो. पण इरिनोटेकॅनचं एसएन-38 त्यांच्या अंगात जास्त वेळ राहतं. या जीनची तपासणी करता येते, डोस ठरवताना उपयोग होतो.

आणि प्रथिनवेडा, एक दुरुस्ती. टोपोवरची सगळीच औषधं पॉयझन नसतात. डॉक्सोरुबिसिन कमी प्रमाणात टोपो 2 ला अडकवतं, पण जास्त झालं की डीएनएच्या जोड्यांमध्ये इतकं गच्च शिरतं की एन्झाइमला कापायलाच जमत नाही, आणि मग अडकण्याचं प्रमाण उलट कमी होतं. डेक्सराझोक्सेन तर टोपो 2 चं फाटक बंद अवस्थेतच कुलूपबंद करतं, कापूच देत नाही.

प्रथिनवेडा

मान्य, मी सरसकट लिहिलं ते चुकलं. निळीशाई, हे दोन गट सेमिनारमध्ये वेगळे दाखव, परीक्षक नेमके तिथेच पकडतात.

जिज्ञासू77

हा धागा वाचून माझाही एक जुना प्रश्न विचारतो. वडिलांना लिम्फोमासाठी ते लाल औषध दिलं होतं, डॉक्सोरुबिसिनच ते. दर काही सायकलनंतर टूडी इको करायला लावायचे आणि आतापर्यंत एकूण किती डोस झाला याचा हिशोब फाइलवर लिहिलेला असायचा. तुम्ही म्हणता ही औषधं विभागणाऱ्या पेशींना मारतात, पण हृदयाच्या पेशी तर विभागतच नाहीत जवळजवळ. मग हृदयाची भीती कशासाठी? त्या वेळी डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं आणि ते मनात तसंच राहिलंय.

प्रथिनवेडा

तुमचा प्रश्न अनेक वर्षं शास्त्रज्ञांनाही छळत होता. टोपो 2 ची माणसात दोन भावंडं आहेत, अल्फा आणि बीटा. अल्फा विभागणाऱ्या पेशींत भरपूर असतं, ट्युमरमध्ये आपल्याला तेच हवं असतं. बीटा मात्र न विभागणाऱ्या पेशींतही असतं, हृदयाच्या स्नायूतही, कारण डीएनएची कॉपी नाही काढली तरी जीन वाचताना पीळ पडतोच. डॉक्सोरुबिसिनला दोघांतला फरक कळत नाही. आधी सगळा दोष लोह आणि फ्री रॅडिकल्सवर जायचा, पण 2012 मध्ये उंदरांच्या फक्त हृदयपेशींतून बीटाचं जीन काढून बघितलं तर औषध देऊनही त्यांचं हृदय बऱ्यापैकी शाबूत राहिलं. परत तोच न्याय बघा, एन्झाइम नाही तर अडकणार कोण.

आणि हृदयाचे स्नायू गेले की नवे फारसे तयार होत नाहीत, त्यामुळे इजा साठत जाते. म्हणून तो हिशोब, एकूण डोस शरीराच्या दर चौरस मीटरमागे साधारण 450 ते 550 मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जाऊ देत नाहीत, आधीपासून हृदय कमजोर असेल किंवा छातीवर रेडिएशन झालं असेल तर त्याच्याही बरंच आधी थांबतात. रसायनवाल्यांनी सांगितलेलं डेक्सराझोक्सेन काही पेशंटना हृदय वाचवायला देतात, ते एन्झाइमला बंद अवस्थेत धरतं आणि बीटाचं प्रमाणही कमी करतं. वडिलांच्या डॉक्टरांनी इको आणि हिशोब दोन्ही ठेवलं होतं म्हणजे काळजीपूर्वक काम केलं होतं, एवढं नक्की सांगतो. उपचार संपले असले तरी इको अधूनमधून करत राहा, परिणाम काही वर्षांनीही दिसू शकतो.

सिस्टर_डेकेअर

आणि ते लाल औषध चढवताना आम्ही शिरेजवळ बसून का राहतो तेही सांगते, ते शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जळतं. सुईपाशी जरासं जरी चुणचुणलं तरी बोलायचं. लघवी लाल होते ती मात्र औषधाच्या रंगाने, एक-दोन दिवस, त्याला घाबरायचं नाही.

निळीशाई

सिस्टर, मावशीला दुसरा जुलाब झाला होता मागच्या सायकलला आणि आम्ही खरंच सकाळपर्यंत थांबलो होतो. ताप नव्हता म्हणून निभावलं. फोन नंबर आता फ्रिजवर चिकटवलाय. तिचं बिलिरुबिन जुन्या रिपोर्ट्समध्ये थोडं वरच असायचं आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं, तेही या वेळी डॉक्टरांना दाखवणार आहे, रसायनवाला तुमचे मनापासून आभार.

शेवटचे दोन प्रश्न. एटोपोसाइडने नंतर ल्युकेमिया होऊ शकतो असं वाचलं, ते याच यंत्रणेमुळे का? आणि सिप्रोफ्लॉक्सासिन पण टोपोआयसोमरेजवरच काम करतं ना, मग त्या अँटिबायोटिकने आपला डीएनए का तुटत नाही?

रसायनवाला

ल्युकेमियाचं हो, याच यंत्रणेमुळे. टोपो 2 अडकलं की दोनपेडी तुटी होतात आणि पेशी त्या जोडताना कधीकधी चुकीची टोकं एकमेकांना जोडते. 11 नंबरच्या क्रोमोसोमवर एमएलएल नावाचं जीन आहे, तिथली तूट अशी चुकीची जोडली गेली तर रक्ताच्या मूळ पेशीला भलतंच वळण लागतं. हा ल्युकेमिया बहुतेकदा एक ते तीन वर्षांत दिसतो, म्हणजे इतर केमोनंतरच्या ल्युकेमियापेक्षा लवकर. धोका खरा आहे पण लहान आहे, आणि ज्या आजारांत एटोपोसाइड देतात, उदाहरणार्थ वृषणाचा पसरलेला कॅन्सर, तिथे ते इतर औषधांबरोबर बहुतेक पेशंटना पूर्ण बरं करतं. हे दोन्ही एका स्लाइडवर ठेव, नाहीतर ऐकणारा अर्धीच गोष्ट घेऊन घरी जाईल.

सिप्रोचं अगदी बरोबर पकडलंस. ते जिवाणूंच्या गायरेज आणि टोपो 4 ला अडकवतं, पद्धत तीच, कापलेल्या अवस्थेत पाचर. फरक एवढाच की जिवाणूंची एन्झाइम्स आणि आपलं टोपो 2 यांची ठेवण पुरेशी वेगळी आहे, गोळीतून रक्तात जेवढं सिप्रो येतं तेवढ्याने आपलं एन्झाइम अडकत नाही. जिवाणू आणि माणूस यांत एवढं अंतर असल्यामुळे अँटिबायोटिकवाल्यांना हे साधलं. कॅन्सरच्या पेशीतलं एन्झाइम आणि शेजारच्या निरोगी पेशीतलं एन्झाइम मात्र एकच असतं, तिथे एन्झाइमकडे बघून वेगळं काढणं शक्य नाही.

प्रथिनवेडा

म्हणून तर आता औषध पोचवायच्या वाटेवर काम चाललंय. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या औषधात हर2 (काही कॅन्सरपेशींवर भरपूर असणारं प्रथिन) ओळखणाऱ्या अँटिबॉडीला कॅम्प्टोथेसिनच्या घराण्यातलेच साधारण आठ रेणू बांधलेले असतात, अँटिबॉडी पेशीत ओढली गेली की बांधणी तुटते आणि औषध आत मोकळं होतं. अमेरिकेत 2019 च्या डिसेंबरमध्ये त्याला मान्यता मिळाली. 2020 मध्ये आलेल्या सॅसिटुझुमॅब गोविटेकॅनवर तर तेच एसएन-38 लावलेलं आहे जे मावशीच्या लिव्हरमध्ये तयार होतं. थोडं औषध बाहेर सुटतंच, गोविटेकॅनमध्ये जुलाब आणि पांढऱ्या पेशी कमी होणं आहेच, डेरक्सटेकॅनमध्ये फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका आहे आणि नवा खोकला किंवा धाप लागली तर लगेच सांगावं लागतं. पण अँटिबॉडी पोचल्यावर आत जे घडतं ते तुझ्या यीस्टमधलंच, फटीत पाचर आणि मग टक्कर. सेमिनार झाला की इथे लिही, प्रश्न काय आले तेही.